वॉडिंग्टन यांच्या दऱ्या आणि नलिकेत थांबलेला कर्करोग

स्तनातील दुधाच्या नलिकेत कर्करोगासारख्या पेशी वाढलेल्या असतात, पण नलिकेची भिंत त्यांनी ओलांडलेली नसते. आम्ही याला डीसीआयएस म्हणतो. रुग्णाला सांगताना ‘शून्य टप्पा’. यातील काही पेशी पुढे भिंत फोडून आक्रमक होतात, काही जन्मभर आतच राहतात. कोणत्या कुठे जातील, हे सूक्ष्मदर्शकाखाली खात्रीने कळत नाही. आज हे कोडे ज्या भाषेत मांडले जाते ती देणारा माणूस डॉक्टर नव्हता.

कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन यांचा जन्म १९०५ चा, इंग्लंडमधला. वडील दक्षिण भारतात चहाच्या मळ्यावर होते, त्यामुळे अगदी लहानपणाची वर्षे त्यांनी इकडेच काढली. मग नातेवाइकांकडे परत इंग्लंडला रवानगी झाली. केंब्रिजमध्ये त्यांनी भूशास्त्र घेतले, ॲमोनाइट या जीवाश्मांवर काम सुरू केले आणि ते अर्धवट सोडून भ्रूणशास्त्राकडे वळले.

तेव्हा जर्मनीत हान्स स्पेमान यांच्या प्रयोगांची चर्चा होती. न्यूट या पाणसरड्यासारख्या प्राण्याच्या भ्रूणातला एक छोटा तुकडा दुसऱ्या भ्रूणात बसवला, की तिथे दुसरा भ्रूण आकार घेऊ लागे. वॉडिंग्टन यांनी पक्ष्यांच्या भ्रूणातही असे घडते हे दाखवले. पुढे गंमत झाली. तुकडा मेलेला असला तरी चाले. मेथिलीन ब्लू हा साधा रंगसुद्धा काही अंशी तेच काम करी! म्हणजे सगळा हुकूम बाहेरून येत नव्हता. पेशी आधीच तयारीत होत्या, बाहेरून फक्त धक्का हवा होता. १९३५ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी हा विचार कर्करोगाला लावला. शरीराची घडण राखणाऱ्या नियंत्रणातून पेशी सुटणे, असे त्यांनी कर्करोगाकडे पाहिले.

१९४२ मध्ये त्यांनी जनुकांपासून शरीर कसे घडते याच्या अभ्यासाला ‘एपिजेनेटिक्स’ हे नाव दिले. (हल्ली हा शब्द आहाराच्या जाहिरातींतही दिसतो, ते सोडून देऊ.) त्यांचे प्रसिद्ध चित्र १९५७ च्या पुस्तकातले. डोंगरउतारावर एक चेंडू, खाली फाटत जाणाऱ्या दऱ्या. चेंडू म्हणजे पेशी. एकदा एका दरीत उतरला की शेजारच्या दरीत जाणे अवघड. डोंगराच्या पोटातून दोर ताणलेले, ते जनुकांचे. जनुके तीच, पण दोरांचा ताण बदलला तर उताराचा आकार बदलतो.

मधल्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाईदलाच्या कोस्टल कमांडमध्ये पाणबुड्यांविरुद्धच्या मोहिमेचे आकडे तपासत होते. तिथे त्यांना विलक्षण गोष्ट दिसली. ठरावीक तासांच्या उड्डाणानंतर विमानांची सक्तीची तपासणी होई आणि बिघाडांचे प्रमाण नेमके तिच्यानंतर वाढे, मग हळूहळू उतरे. चांगले चाललेले यंत्र उघडल्यानेच काही बिघाड होत होते. अतिउपचाराची चर्चा निघाली की मला भ्रूणांपेक्षा ही विमानेच आधी आठवतात.

१९४७ पासून ते एडिनबर्गमध्ये प्राध्यापक होते. १९७५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी इतर शास्त्रज्ञांनी दोन स्वतंत्र लेखांत सुचवले, की डीएनएवर बसणारा मिथाइल हा छोटा रासायनिक गट पेशीची ‘आठवण’ सांभाळत असावा. जनुकाच्या सुरुवातीला हे गट दाटले की जनुक सहसा बंद राहते. अक्षर एकही बदलत नाही, आणि पेशी विभागली तरी खूण नव्या पेशींत उतरते. वॉडिंग्टन यांच्या दोरांना अशी रासायनिक ओळख मिळाली.

आता याच खुणांवरून डीसीआयएसचा पुढचा मार्ग ओळखण्याचा प्रयत्न चालू आहे. अडचण अशी, की पेशींची वाढ रोखणारे आरएएसएसएफ१ए हे जनुक नलिकेतल्या टप्प्यातच अनेकदा बंद झालेले आढळते. खूण आहे, पण चेंडू अजून वरच आहे. म्हणून एकाच जनुकाऐवजी डीएनएवरच्या असंख्य जागांचा नमुना पाहावा लागतो. दुसरी अडचण मोठी. जवळजवळ प्रत्येकीची शस्त्रक्रिया होते, त्यामुळे त्या पेशी पुढे काय करणार होत्या हे कधी दिसतच नाही. मिथाइल खुणांची अशी कोणतीही चाचणी अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही.

आमच्याकडच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बहुतेक बायकांना हा प्रश्नच पडत नाही. मॅमोग्राफी झालेली नसते, त्या हाताला लागणारी गाठ घेऊन येतात. अशा गाठीसाठी थांबून पाहणे हा पर्याय नाही, तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. थांबण्याची चर्चा फक्त मॅमोग्राफीत सापडलेल्या, कमी जोखमीच्या डीसीआयएसपुरती आहे.

तशा ९५७ स्त्रियांवरच्या अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये आले. निम्म्या स्त्रियांना नेहमीप्रमाणे शस्त्रक्रिया सुचवली, उरलेल्यांवर फक्त बारीक लक्ष ठेवले. दोन वर्षांत आक्रमक कर्करोग आढळण्याचे प्रमाण पहिल्या गटात ५.९ टक्के होते, दुसऱ्यात ४.२. या आजारात दोन वर्षे म्हणजे काहीच नव्हे. त्या स्त्रियांची नोंद पुढे चालू आहे.