साष्टीचा इंग्रज पुराणिक

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच गलबते हिंदुस्थानास निघाली. त्यांतल्या एकावर तिशीचा एक इंग्रज जेझुइट होता. नाव थॉमस स्टीफन्स, गाव विल्टशायरमधील बुश्टन. एलिझाबेथ राणीच्या अमलात कॅथलिक राहणे धोक्याचे झाले, तेव्हा तो रोमास जाऊन १५७५ साली येशूसंघात शिरला होता. वाटेत लोकांच्या हिरड्या सुजल्या, २७ माणसे दगावली. दर्यावर्दी मंडळींच्या हिशेबी एवढे म्हणजे थोडक्यात निभावले. २४ ऑक्टोबरला तो गोव्यास उतरला आणि अडीच आठवड्यांत त्याने वडिलांस लांबलचक पत्र लिहिले. त्यात वारे आहेत, होकायंत्र आहे, पक्षी-मासे आहेत; गोव्याविषयी मजकूर मात्र थोडा. मला हे फार खरे वाटते. परक्या मुलखात पाऊल ठेवलेल्या माणसास प्रथम वाटेतलीच हकीकत सांगता येते. मुलूख कळायला वर्षे जातात.

त्याला ती मिळाली, तब्बल चाळीस. बहुतेक काळ साष्टीत, मडगाव-रायतूरच्या परिसरात गेला. पण ही साष्टी कोणती? जिथली देवळे १५६७ साली पाडली गेली आणि लोकांच्या जुन्या पोथ्या हिरावल्या गेल्या, ती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांस ठार केले. त्यांची प्रेते मिळविण्याच्या कामी स्टीफन्स पुढे होता. मग पोर्तुगीजांनी गावच्या मुखंडांस बोलणीसाठी असोळण्यास बोलावून कापून काढले. हे सारे झाकून त्याचे गुण गाणे मला जमत नाही.

परंतु त्याच वर्षी भावास लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते असे नोंदविले. सर विल्यम जोन्सच्या ज्या भाषणाचा गाजावाजा होतो, ते १७८६ चे!

मी भालकीचा. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि निजामाच्या कचेरीत उर्दू, अशी १९४८ पर्यंत आमच्या वडीलधाऱ्यांची रीत. इथल्या हिरेमठाच्या चन्नबसव पट्टद्देवरूंनी बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकविले, हे तालुक्यात सर्वांस ठाऊक आहे. म्हणून स्टीफन्सच्या कोंकणी व्याकरणावर 'कानारी' भाषेचे नाव पाहून मी बुचकळ्यात पडलो नाही. पाटी एक आणि आतली भाषा दुसरी, हे आमच्या अंगवळणी पडलेले आहे.

त्याचे मोठे काम म्हणजे ख्रिस्तपुराण. त्याच्या आरंभी एक प्रसंग आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूस विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी तशीच दुसरी का देत नाही? प्रश्न साधा, पण त्यात केवढी पोकळी आहे! संध्याकाळी ऐकायला काही उरले नव्हते. शिकवायला आलेल्या माणसाला उत्तर म्हणून ओवी शिकावी लागली. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्याने मराठीत रचला, आणि साध्या माणसांस समजावा म्हणून त्यात कोंकणी शब्द मिसळले. कीर्तन-पुराणावर वाढलेल्या माझ्यासारख्याच्या कानाला तिची चाल कुठे परकी लागत नाही. कथा बायबलची, पण बसकण आपल्या पुराणिकाची.

छपाईचे मात्र बिनसले. देशी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मिळावी म्हणून १६०८ साली त्याने रोमास लिहिले. पण या अक्षरांचे साचे शेकड्यांनी लागतात. १६१६ साली रायतूरला ग्रंथ निघाला तो रोमन अक्षरांत. तीन वर्षांनी गोव्यातच तो वारला. व्याकरण छापले गेले ते त्याच्या माघारी, १६४० साली.

आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की प्रजेने तीन वर्षांत आपली बोली सोडावी. ज्या बोलीसाठी त्या पाद्र्याने उमर घालविली, तीच. पुराणाच्या मूळ छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. ओव्या तगल्या त्या हस्तलिखितांत. त्यांतले एक देवनागरीतले लंडनच्या मार्सडेन संग्रहात निघाले, आणि देवनागरीत छापील ख्रिस्तपुराण मराठी वाचकास मिळाले ते शांताराम बंडेलूंच्या हातून १९५६ साली. त्याआधी १९०७ मध्ये सालढाणांनी ते पुन्हा छापले होते: ओव्या मराठी, अक्षरे रोमन, आणि गाव मंगळूर.