रानाची ठेव सांभाळणारा

प्राणिसंग्रहालय म्हटले की आम्हा यवतमाळकरांना नागपूरची महाराजबाग आठवते. सुट्टीत पोरांना वाघ दाखवायचा आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परतायचे. पिंजऱ्याचा याहून मोठा उपयोग आहे, हे जगाला पटवणारा जेराल्ड ड्युरेल आपल्याच देशात, जमशेदपूरला ७ जानेवारी १९२५ रोजी जन्मला.

वडील इंजिनिअर होते. ते १९२८ साली वारले आणि आई मुलांना घेऊन इंग्लंडला गेली. पुढे १९३५ पासून चार वर्षे हे कुटुंब ग्रीसच्या कॉर्फू बेटावर राहिले. तिथे शाळेपेक्षा विंचू, कासवे आणि घुबडे यांनीच त्याला अधिक शिकवले. १९४५ मध्ये त्याने व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयात उमेदवारी केली. एकविसाव्या वर्षी वारशाचे पैसे हाती आले, ते कॅमेरूनमधून प्राणी आणण्यात घातले. पण संग्रहालये प्राण्यांकडे केवळ नवलाई म्हणून पाहतात, हे त्याला सलू लागले.

कॉर्फूच्या आठवणींचे त्याचे पुस्तक १९५६ साली गाजले. १९५९ मध्ये जर्सी बेटावर त्याने स्वतःचे प्राणिसंग्रहालय उघडले. १९६३ मध्ये न्यास स्थापला. बोधचिन्ह घेतले डोडोचे, मॉरिशसमधून कायमच्या गेलेल्या पक्ष्याचे. त्याच मॉरिशसच्या गुलाबी कबुतरांची पैदास जर्सीत झाली. १९९०च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरलेली ही कबुतरे आज शेकड्यांनी आहेत. त्यासाठी तिथल्या उंदीर-मांजरांचाही बंदोबस्त करावा लागला.

३० जानेवारी १९९५ रोजी ड्युरेल गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या न्यासाच्या मदतीने आसामात, मानसच्या रानातून आणलेल्या सहा बुटक्या रानडुकरांपासून पैदास सुरू झाली. २००८ पासून त्यांचे वंशज पुन्हा गवताळ रानात सोडले जाऊ लागले.

माझे आयुष्य बँकेत गेले. ठेव मुदत संपली की परत करायची असते, एवढे मला कळते. ड्युरेलने प्राण्यांकडे तसेच पाहिले. मात्र परत करायला रान हवे.

आपल्या जिल्ह्याला हे ठाऊक आहे. माणसांचे बळी घेतल्याच्या ठपक्यावरून पांढरकवड्याच्या वाघिणीला नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घातली गेली. तिचे मादी पिल्लू पकडून पेंचच्या मोठ्या कुंपणात वाढवले. मार्च २०२१ मध्ये त्याला मोकळे सोडले. दुसऱ्या वाघाशी झुंजीत जखमी होऊन ते काही दिवसांतच मेले. रानातली जागा आधीच दुसऱ्यांनी धरलेली होती.

म्हणून टिपेश्वरचे १४८ चौरस किलोमीटर रान आणि त्याला इतर जंगलांशी जोडणाऱ्या वाटा शाबूत राहायला हव्यात. त्या राहिल्या, तरच सांभाळलेले जनावर सोडायला जागा उरेल.