बूमरँगवाला गणिती आणि आपला पाऊस

पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुने पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. बाहेरगावच्या माणसाला हे नाव कोड्यात टाकते. हवामान खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्याला आले आणि येताना नावही बरोबर घेऊन आले. पावसाचा अंदाज आकडेमोडीने बांधण्याची शिस्त या खात्याला ज्यांनी लावली, ते सर गिल्बर्ट वॉकर मात्र पुण्यात कधी या कचेरीत बसले नाहीत. त्याआधी चार वर्षे ते निवृत्त होऊन विलायतेला परतले होते.

वॉकर यांचा जन्म 14 जून 1868 रोजी इंग्लंडमधील रॉचडेल गावी झाला. वडील स्थापत्य अभियंता. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून 1889 साली ते सिनियर रँग्लर झाले. हाच मान पुढे दहा वर्षांनी आपल्या रघुनाथराव परांजप्यांना मिळाला आणि महाराष्ट्राने त्यांच्या नावामागे ‘रँग्लर’ कायमचे जोडले, यावरून त्या परीक्षेचा दरारा कळेल. परीक्षेनंतर वर्षभरातच वॉकर यांची प्रकृती ढासळली. तीन हिवाळे त्यांना स्वित्झर्लंडमध्ये हवापालटासाठी काढावे लागले. औषधांची रेलचेल नसलेल्या त्या काळात स्वच्छ हवा आणि विश्रांती हाच मोठा उपचार असे. तिथे ते बर्फावर स्केटिंग करायला शिकले आणि हा छंद पुढे सुटला नाही.

तब्येत सुधारल्यावर केंब्रिजमध्ये त्यांनी जे विषय हाती घेतले ते पाहून कुणालाही हसू यावे. भोवरा डुलत डुलत उभा कसा राहतो? ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे बूमरँग फेकणाऱ्याकडे परत का येते? नदीकाठच्या हिरवळीवर ते स्वतः बूमरँग फेकून पाहत, मग त्याचे गणित मांडत. मित्रांनी त्यांना ‘बूमरँग वॉकर’च करून टाकले. बासरीची रचना सुधारण्यातही त्यांनी बराच वेळ घालवला. अशा माणसाला हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा प्रमुख नेमले गेले, तेव्हा त्यांना हवामानशास्त्राचा काडीचाही अनुभव नव्हता. निवड केली होती आधीचे प्रमुख सर जॉन इलियट यांनी, आणि ती विचारपूर्वक होती.

इलियट पोळले होते. 1899 साली त्यांच्या खात्याने चांगल्या पावसाची आशा दाखवली आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. मुंबई इलाख्यासह देशाच्या मोठ्या भागात भीषण दुष्काळ पडला. दुष्काळात माणसे केवळ उपासमारीने मरत नाहीत. अन्न कमी पडले की शरीराची प्रतिकारशक्ती खचते, विहिरी आटून उरलेले पाणी दूषित होते, आणि कामासाठी हजारो माणसे एका जागी गोळा झाली की पटकी व हगवण तिथे आधी पोहोचते. दुष्काळी कामांच्या छावण्यांत हेच घडले. त्यानंतर चांगला पाऊस आला की हिवताप. पंजाबात 1908 साली उसळलेल्या हिवतापाच्या साथीचा अभ्यास करणारे डॉ. क्रिस्टोफर्स यांनी पावसाच्या आकड्यांइतकेच महत्त्व धान्याच्या भावाला दिले होते. तेव्हा पावसाचा अंदाज हा शेतकऱ्याइतकाच दवाखान्याचाही प्रश्न होता. आजही आहे.

जानेवारी 1904 मध्ये वॉकर यांनी सिमल्यात सूत्रे घेतली. त्यांनी पाहिले की पावसाचे सिद्धान्त भरपूर आहेत आणि त्यांचा पडताळा कुठेच नाही. हिमालयात बर्फ जास्त पडले की पाऊस कमी, असे एक मत होते. मॉरिशसच्या हवेच्या दाबावर सगळे अवलंबून, असे दुसरे. वॉकर यांनी कुणाशी वाद घातला नाही. सगळ्यांचे आकडे मागवले. उष्ण कटिबंधातल्या समुद्रावर तेव्हा हवामान मोजायला जहाजे आणि बेटांवरची मोजकी ठाणी एवढेच होते. झांझिबार, मॉरिशस, जावा, ऑस्ट्रेलिया, थेट चिली आणि अर्जेंटिना इथपर्यंतच्या नोंदी त्यांनी जमवल्या. एका ठिकाणचा आकडा वर जातो तेव्हा दुसऱ्या ठिकाणचा वर जातो की खाली, हे शोधणारे सहसंबंधाचे गणित नुकतेच रूढ होत होते. संगणक नव्हता. हिंदी कारकुनांचा एक ताफा कागद-पेन्सिलीने बेरजा-गुणाकार करत असे. या कारकुनांची नावे कोणत्याही सूत्राला मिळाली नाहीत, हे जाता जाता सांगायला हवे.

या पद्धतीत एक मोठा सापळा आहे आणि वॉकर यांना तो लवकर दिसला, हे त्यांचे खरे मोठेपण. वीस पदार्थांचा एखाद्या रोगाशी संबंध आहे का हे तपासले, तर एखादा पदार्थ निव्वळ योगायोगाने गुन्हेगार ठरू शकतो. तसेच शेकडो ठाण्यांमधून पावसाशी उत्तम जुळणारे एक निवडले की ते जुळणे खोटे असण्याचीच भीती. असे किती योगायोग अपेक्षित धरावेत आणि निकष किती कडक ठेवावा, हे वॉकर यांनी 1914 साली गणिताने मांडले. वैद्यकीय संशोधनात आज ही चूक सर्रास होते आणि तिच्यावर बातम्याही बेतल्या जातात.

गाळून गाळून जे उरले ते थक्क करणारे होते. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंद महासागराच्या बाजूला तो उतरतो. तिकडे उतरला की इकडे चढतो. दोन अवाढव्य समुद्रांचा जणू एकच सी-सॉ. 1924 साली त्यांनी याला ‘सदर्न ऑसिलेशन’ नाव दिले. आपल्याकडचा दाब कमी असतो त्या वर्षी मोसमी पाऊस सहसा चांगला होतो. लोणावळ्याच्या डोंगरावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो, तेवढ्याने मावळातले वडिवळे धरण भरते आणि इंद्रायणीकाठची गावे पाणी पितात. त्या पावसाचा एक धागा हजारो किलोमीटर दूरच्या पाण्याला बांधलेला आहे, ही कल्पना तेव्हा अनेकांना पटली नाही. कारण काय, हे वॉकर सांगू शकत नव्हते. आकडे खरे आहेत, कारण पुढे सापडेल, एवढीच त्यांची भूमिका.

ज्या कामासाठी त्यांना आणले होते ते मात्र साधले नाही. त्यांची सूत्रे काही वर्षे चालत, मग घसरत. उलट त्यांना असे दिसले की आपला मोसमी पाऊस आधीच्या घटनांवरून जितका ओळखता येतो, त्यापेक्षा पुढे जगात काय होणार हे तोच जास्त सांगतो. 1997 साली प्रशांत महासागर विलक्षण तापला, सगळ्यांनी दुष्काळाची धास्ती घेतली, आणि देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंद महासागराच्या पश्चिम भागाचे पाणी पूर्वेपेक्षा अधिक तापलेले होते. समुद्र एकटा प्रशांतच नाही, हे त्यानंतर अधिक स्पष्ट झाले.

1924 साली सर हा किताब घेऊन वॉकर मायदेशी गेले आणि दहा वर्षे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात शिकवत राहिले. आजाराने तरुणपणी खाली बसवलेला हा माणूस नव्वद वर्षे जगला. 4 नोव्हेंबर 1958 रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाची मोहीम सुरू होती आणि तापलेल्या प्रशांत महासागराच्या ताज्या नोंदी गोळा होत होत्या. त्या नोंदी हाती घेऊन जेकब बर्कनेस यांनी समुद्राचे तापमान, वारे आणि दाब यांची साखळी जुळवली. इंडोनेशियाजवळच्या उबदार पाण्यावरून हवा वर चढते, पूर्वेकडे वाहते, पेरूच्या किनाऱ्याजवळच्या थंड पाण्यावर खाली उतरते आणि समुद्रालगत वाहत परत येते. पाण्याची ऊब पूर्वेला सरकली की हे चक्र मंदावते आणि आपल्या बाजूचा दाब चढतो. 1969 साली बर्कनेस यांनी या चक्राला ‘वॉकर अभिसरण’ असे नाव दिले.