थॉमस सांकारा : स्वतःपासून क्रांती सुरू करणारा राष्ट्राध्यक्ष

गोरा साहेब गेला आणि त्याच्याच खुर्चीत, त्याच्याच मोटारीत आपला माणूस बसला, एवढ्यालाच स्वातंत्र्य म्हणणारे राज्यकर्ते आफ्रिकेने पुष्कळ पाहिले. थॉमस सांकारा त्यांच्यातले नव्हते. आयुष्य अवघे सदतीस वर्षांचे, सत्ता फक्त चार वर्षांची. तरीही त्यांचे नाव घेऊन तरुण आजही रस्त्यावर उतरतात. असे का, याचा विचार आपण केला पाहिजे.

सांकारांचा जन्म २१ डिसेंबर १९४९ रोजी अप्पर व्होल्टा या फ्रेंच वसाहतीत, याको येथे झाला. त्यांचा सिल्मी-मोस्सी समाज मोस्सी सरदारांच्या जुन्या उतरंडीत खालचा मानला जाई. लष्करी शिक्षणासाठी ते मादागास्करला गेले. तेथे १९७२ च्या जनआंदोलनाने सरकार कोसळताना त्यांनी जवळून पाहिले. १९८१ मध्ये ते माहिती खात्याचे सचिव झाले, तेव्हा सायकलवरून कार्यालयात जात. जानेवारी १९८३ मध्ये पंतप्रधान, मे महिन्यात कैदी आणि ४ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष, असे ते एकच वर्ष!

सत्ता हाती येताच त्यांनी पहिला हात घातला तो सत्तेच्या थाटाला. सरकारी मर्सिडीज गाड्या विकल्या. मंत्र्यांना स्वस्तातली लहान रेनॉ मोटार दिली. शेतकऱ्याने पिकवलेल्या कापसाचे, देशातच विणलेले कापड अधिकाऱ्यांच्या अंगावर आणले. खेड्यातील सरदारांचे मान, खंडणी आणि वेठबिगार रद्द केली, डोईपट्टी उठवली. १९८४ मध्ये वसाहतीच्या काळचे नाव टाकून देशाला बुर्किना फासो, म्हणजे ताठ मानेच्या प्रामाणिक माणसांची भूमी, हे नाव दिले. त्याच वर्षाअखेर लसीकरणाची मोहीम काढली. गोवर, मेंदुज्वर आणि पीतज्वराच्या लसी काही आठवड्यांत सुमारे २५ लाख मुलांपर्यंत पोहोचल्या. वाळवंट पुढे सरकू नये म्हणून सुमारे एक कोटी झाडे लावली.

स्त्रियांच्या मुक्तीशिवाय क्रांती अपुरी आहे, ही त्यांची पक्की धारणा होती. सक्तीचे विवाह, बहुपत्नीत्व आणि मुलींच्या सुंतेविरुद्ध त्यांनी आघाडी उघडली. स्त्रियांना मंत्रिमंडळात घेतले. एक दिवस तर पुरुषांनाच बाजारहाटाला पाठवले, घर चालवणे म्हणजे काय ते कळावे म्हणून!

जुलै १९८७ मध्ये अदिस अबाबा येथे आफ्रिकी एकता संघटनेच्या परिषदेत त्यांनी सर्व देशांना परकीय कर्ज एकजुटीने नाकारण्याचे आवाहन केले. एकटा देश नाकारील तर चिरडला जाईल, हे ते जाणून होते.

आम्ही महापुरुषांची पूजा करणारे नव्हे, त्यांच्याकडून शिकणारे आहोत. म्हणून त्यांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. १९८४ मध्ये संपावर गेलेल्या हजाराहून अधिक शिक्षकांना त्यांनी बडतर्फ केले. कटाच्या आरोपावरून सात जणांना गोळ्या घातल्या गेल्या. क्रांतिरक्षणाच्या समित्यांनी गावोगाव दांडगाई केली. कामगार संघटना दुरावल्या. वरून आलेल्या हुकमाने माणसे हलतात, पण हुकूम देणारा एकटा पडला की त्याच्यामागे उभे राहायला संघटना उरत नाही.

१५ ऑक्टोबर १९८७ रोजी वागादुगू येथे सांकारा आणि त्यांचे बारा साथी गोळीबारात मारले गेले. जिवलग मित्र ब्लेझ कॉम्पाओरे सत्तेवर बसला. मृत्यूच्या दाखल्यावर चक्क नैसर्गिक मृत्यू लिहिले गेले! अनेक वर्षे हे खोटे टिकले. २०१४ मध्ये जनतेने कॉम्पाओरेला पळवून लावले, त्या गर्दीत सांकारांच्या पश्चात जन्मलेली मुले होती. ६ एप्रिल २०२२ रोजी लष्करी न्यायालयाने त्या हत्येतील सहभागाबद्दल कॉम्पाओरेला त्याच्या गैरहजेरीत जन्मठेप सुनावली.

सांकारांनी मागे संपत्ती ठेवली नाही. जुनी मोटार, सायकली आणि गिटार, एवढाच त्यांचा संसार. त्यांच्या मोठेपणाचे मूळ इथेच आहे. समाजाला त्याग सांगण्यापूर्वी त्यांनी तो स्वतः केला. आपल्या नेत्यांना आपण हीच कसोटी लावणार की नाही? आणि नेता पडला तरी काम थांबू नये, अशी संघटना बांधणार की नाही? सांकारांचे चरित्र हे दोन प्रश्न आपल्यापुढे ठेवते.