विश्लेषण : माहुलचे रोहित भरतीला कुठे जातात? त्यांचा माग काढणे सालिम अलींनी कसे शिकवले?

ओहोटी लागली की माहुल-शिवडीच्या खाडीतला चिखल उघडा पडतो आणि रोहित म्हणजे फ्लेमिंगो त्यातले शेवाळ, बारीक जीव टिपायला उतरतात. भरती आली की उभे राहायला जागा उरत नाही. मग थवे नवी मुंबईतील नेरूळच्या उथळ तळ्यांकडे जातात. पक्षी कुठून येतो, कुठे जातो हे मोजून आणि नोंदवून ठरवण्याची शिस्त भारतात रुजवणाऱ्यांत सर्वात मोठे नाव डॉ. सालिम अली यांचे.

पक्ष्यांकडे कसे वळले?

जन्म १८९६चा, मुंबईतला. लहानपणीच आई-वडील गेले आणि मामांनी सांभाळले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखता येईना, म्हणून ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) गेले. तिथे मिलार्ड यांनी त्यांना पेंढा भरून ठेवलेले पक्षी दाखवले आणि आयुष्याची दिशा ठरली.

नोकरी गेल्यावर काय केले?

बर्लिनमध्ये पक्षीशास्त्राचे धडे घेऊन १९३०मध्ये ते परतले, तेव्हा संग्रहालयातली नोकरी उरली नव्हती. अलिबागजवळच्या किहीममध्ये राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. पुढे संस्थानांमध्ये पक्ष्यांची पाहणी केली. पत्नी तेहमिना १९३९मध्ये वारल्या. १९४१मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक आले आणि पक्षी ओळखणे सामान्य वाचकाच्या आवाक्यात आले.

रोहितांशी संबंध काय?

१९४५मध्ये ते कच्छच्या रणातील रोहितांच्या वसाहतीत पोहोचले. तिथे त्यांनी सुमारे लाखभर घरटी मोजली. १९५७मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगलाचा ताप आढळला. त्याचे विषाणू स्थलांतरित पक्ष्यांबरोबर येतात का, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसने मोठी मोहीम उघडली. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालण्यात आली. असा पक्षी दुसरीकडे सापडला की त्याचा प्रवास कळतो.

आज त्याचा उपयोग काय?

सालिम अली १९८७मध्ये गेले. माहुल-शिवडीला रोहितांची मोठी गर्दी होऊ लागली ती त्यानंतर, १९९०च्या दशकात. पण पद्धत तीच राहिली, साधने बदलली. २०२२मध्ये बीएनएचएसने ठाणे खाडीतील सहा रोहितांना उपग्रहाद्वारे माग देणारी यंत्रे बसवली.

धोका कुठे आहे?

भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. त्यामुळे थव्यांची ये-जा कधी दिवसा, तर कधी रात्री होते. २० मे २०२४च्या रात्री घाटकोपरमध्ये विमानाची धडक बसून ३० हून अधिक रोहित मेले. ठाणे खाडीत २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. मात्र भरतीच्या वेळी आसरा देणारी नेरूळची तळी या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. ती बुजली किंवा त्यांत येणारे खाडीचे पाणी अडले, तर खाण्याची जागा शाबूत असूनही भरतीचे तास काढायला पक्ष्यांना जागा राहणार नाही. एकच जागा राखून हे पक्षी वाचणार नाहीत.