लिओपोल्ड मोझार्ट : एका शिक्षक-पित्याचे चरित्र

काही माणसांची चरित्रे आपण त्यांच्या थोर मुलांच्या चरित्रातील पहिले प्रकरण म्हणूनच वाचतो. लिओपोल्ड मोझार्ट हे त्यांपैकी एक. वोल्फगांग मोझार्टचे वडील एवढीच त्यांची ओळख उरली आहे. परंतु लहान मुलाच्या हाती व्हायोलिन कसे द्यावे, या प्रश्नाचा त्यांनी जेवढा बारकाईने विचार केला, तेवढा त्यांच्या काळात फार थोड्यांनी केला असेल. तुमच्यापैकी अनेक जण स्वतः पालक आहेत. त्या दृष्टीनेही हे चरित्र वाचा.

लिओपोल्ड यांचा जन्म १७१९ साली आउग्सबुर्ग येथे एका पुस्तकबांधणी करणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते साल्झबुर्गच्या विद्यापीठात गेले. परंतु वर्गातील गैरहजेरीमुळे १७३९ मध्ये त्यांचे नाव पटावरून कमी करण्यात आले. पुढे शिस्तीचा एवढा आग्रह धरणारा हा शिक्षक स्वतः असा विद्यार्थी होता, हे ध्यानात ठेवावे. १७४३ मध्ये ते साल्झबुर्गच्या आर्चबिशपांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले आणि चर्चमधील गायक मुलांना व्हायोलिन शिकवू लागले. १७४७ मध्ये आन्ना मारिया पेर्टल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सात अपत्यांपैकी दोनच जगली : १७५१ मध्ये जन्मलेली नानर्ल आणि १७५६ मध्ये जन्मलेला वोल्फगांग.

वोल्फगांगच्या जन्माच्याच वर्षी लिओपोल्ड यांचा व्हायोलिनशिक्षणावरील ग्रंथ आउग्सबुर्ग येथे प्रसिद्ध झाला. त्यांचे सांगणे असे की, आधी विद्यार्थ्याला स्वरलेखन आणि ताल यांची ओळख करून द्यावी, वाद्य त्यानंतर. व्हायोलिन आणि गज धरण्याची योग्य व अयोग्य पद्धत त्यांनी चित्रांसह दाखविली. (आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक पायावर टेकवितो, तेथे ते उभ्याने, खांद्याशी धरायचे असते. त्यामुळे डाव्या हाताची ठेवण हा तेथे प्रारंभीचाच मोठा प्रश्न ठरतो.) त्यासाठी चारही बोटे चार निरनिराळ्या तारांवर एकाच वेळी ठेवून, मग एकेक उचलण्याचा सराव त्यांनी सुचविला. बोटांच्या जागा कळाव्यात म्हणून पट्टीवर अक्षरे चिकटविणाऱ्या शिक्षकांवर मात्र त्यांचा राग आहे. कारण मग मूल डोळ्याने वाजवू लागते, कानाने नव्हे. लहान आकाराच्या व्हायोलिनविषयीही त्यांचे मत रोखठोक आहे : अगदी लहान मुलांसाठी ती असतात, पण बोटे पोहोचत असतील तर पूर्ण आकाराचेच वाद्य द्यावे, म्हणजे बोटांची अंतरे पुन्हा बदलावी लागत नाहीत. आजचे शिक्षक हे मानणार नाहीत, आणि मला वाटते ते योग्यच आहे. तरी त्यामागील कारण विचारात घेण्याजोगे आहे.

या सर्व नियमांची परीक्षा त्यांच्याच घरी झाली. १७६३ च्या आरंभी मोझार्ट कुटुंब व्हिएन्नाहून परतले, तेव्हा वोल्फगांगजवळ तेथे मिळालेले एक लहानसे व्हायोलिन होते. वेन्झल नावाचे वादक आपल्या नव्या त्रिकुट-रचना लिओपोल्ड यांना दाखविण्यासाठी घरी आले. पहिले व्हायोलिन वेन्झल, दुसरे दरबारी तुतारीवादक शाख्टनर आणि व्हायोलावर स्वतः लिओपोल्ड, अशी वाटणी ठरली. सात वर्षांच्या आसपासचा वोल्फगांग दुसरे व्हायोलिन वाजवू देण्याचा हट्ट धरू लागला. वडिलांनी नकार दिला : त्याने व्हायोलिनचा एकही धडा घेतला नव्हता. मुलगा रडत निघाला. शाख्टनर यांनी रदबदली केली, तेव्हा त्यांच्यासोबत, ऐकू येणार नाही इतक्या हळू वाजवावे, या अटीवर परवानगी मिळाली. थोड्याच वेळात आपली गरज उरली नाही हे शाख्टनर यांच्या लक्षात आले आणि त्यांनी आपले वाद्य हलकेच खाली ठेवले. लिओपोल्ड यांच्या डोळ्यांत पाणी आले. पुढे मुलाने पहिल्या व्हायोलिनचा भागही वाजविला. बोटे चुकीची पडत होती, पण तो कोठेही पूर्णपणे अडला नाही.

ही हकिकत आपल्याला शाख्टनर यांच्या पत्रातून कळते. ते त्यांनी १७९२ मध्ये, वोल्फगांगच्या मृत्यूनंतर, नानर्लला लिहिले. जवळजवळ तीस वर्षांपूर्वीची ही आठवण आहे. चरित्राचा अभ्यास करताना साधनाचे हे अंतर तुम्ही विसरू नये. परंतु पद्धतीचा ग्रंथ लिहिणारा बाप आपला नियम मोडताना पाहून रडला, हा तपशील मला खोटा वाटत नाही.

पुढील वर्षांत लिओपोल्ड यांनी स्वतःचे लेखन मागे ठेवून मुलांना युरोपभर नेले. १७६९ पासून नानर्ल घरीच राहिली. भावासोबतचे मोठे दौरे तिच्या वाट्याला पुन्हा आले नाहीत. वोल्फगांगने १७७५ मध्ये व्हायोलिनसाठी चार कॉन्चेर्टो रचले, पण दोन वर्षांनी तो नोकरीच्या शोधात निघाला, तेव्हा व्हायोलिनकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार वडिलांच्या पत्रांत दिसते. मनात आणले तर तो युरोपातील पहिला व्हायोलिनवादक होईल, अशी त्यांची खात्री होती. मुलाने मनात आणले नाही. १७७८ मध्ये पॅरिस येथे, मुलासोबतच्या प्रवासात, आन्ना मारिया वारल्या. बापलेकांतील दुरावा त्यानंतर वाढतच गेला.

१७८५ च्या आरंभी लिओपोल्ड व्हिएन्नाला गेले. तेथे हायडन यांनी वोल्फगांगला आपल्या माहितीतील सर्वश्रेष्ठ संगीतकार म्हटले, ते बापाच्या तोंडावर. त्याच वर्षी नानर्लला मुलगा झाला. त्याचेही नाव लिओपोल्ड ठेवण्यात आले आणि आजोबांनी त्याला साल्झबुर्गला स्वतःजवळ ठेवून घेतले. पुढच्या वर्षी वोल्फगांगने परदेशप्रवासासाठी आपली मुले सांभाळण्याची विनंती केली, तेव्हा मात्र त्यांनी ती नाकारली. २८ मे १७८७ रोजी लिओपोल्ड वारले, तेव्हा नातू दोन वर्षांचाही झाला नव्हता. वोल्फगांग त्या वेळी व्हिएन्नामध्ये होता.