भुवया परत देणारा शल्यविशारद : डॉ. नोशीर अंतिया

कुष्ठरोग झालेल्या माणसाला गाव प्रथम ओळखत असे ते त्याच्या भुवयांवरून. रोगाच्या तीव्र प्रकारात भुवयांचे केस बाहेरच्या टोकाकडून विरळ होत जातात, कानाच्या पाळ्या जाड होतात, पुढे नाकाचा कणा बसतो. चाळीसच्या दशकात डॅप्सोन हे औषध आले आणि जंतू आटोक्यात येऊ लागले. परंतु गळालेल्या भुवया औषधाने परत येत नसत. त्यामुळे दवाखान्याच्या कागदावर बरा झालेला रुग्ण घराच्या उंबऱ्यावर रोगीच ठरत असे. या उंबऱ्यापाशी अडलेल्या माणसांसाठी डॉ. नोशीर अंतिया यांनी आपली सुरी वापरली.

अंतिया यांचा जन्म १९२२ साली हुबळी येथे एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते इंग्लंडला गेले. पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे छिन्नविच्छिन्न चेहरे नव्याने घडविणारे सर हॅरोल्ड गिलीज यांच्या हाताखाली त्यांनी प्लास्टिक सर्जरीचे शिक्षण घेतले. गंमत अशी, की पुण्याजवळच्या एका वीटकाराने कपाळाच्या कातडीतून नाक घडविल्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात छापून आली होती आणि तिकडच्या शल्यविशारदांनी त्यावरूनच धडा गिरवला होता. इथून गेलेली विद्या अंतिया पन्नासच्या दशकात परत घेऊन आले, असे म्हटले तर वावगे ठरू नये. मोठी कमाई त्यांना सहज शक्य होती. त्यांनी मात्र पुण्याजवळील कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात शस्त्रक्रिया सुरू केल्या.

भुवई बसविणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. कानामागची केसाळ कातडीची अरुंद पट्टी काढून ती भुवईच्या जागी शिवायची, ही एक रीत. कानशिलावरील रक्तवाहिनीला जोडलेला केसाळ तुकडा कपाळाच्या त्वचेखालून बोगदा काढून भुवईपर्यंत सरकवायचा, ही दुसरी. पहिल्या रीतीत पट्टी रुंद घेतली, तर मधल्या भागाला रक्त पोहोचत नाही आणि केस मरतात. दुसऱ्या रीतीत रक्तपुरवठा अखंड राहून केस दाट येतात. पण हा दाटपणाच कधी कधी ब्रशासारखा दिसतो. दोन्हींत सुरी केसांच्या तिरप्या मुळांना समांतर फिरवावी लागते. ती सरळ खाली गेली की मुळे तुटतात.

खरी कसोटी असते ती केसांच्या दिशेची. नाकाजवळचे केस वर उभे राहतात, पुढे ते कानाकडे झुकतात. वरच्या कडेचे खाली आणि खालच्या कडेचे वर कलून मध्यभागी एकमेकांना भेटतात. ही ठेवण चुकली की भुवई चिकटवल्यासारखी दिसते आणि लोकांच्या नजरा पुन्हा तिथेच खिळतात. शिवाय डोक्याचा केस जागा बदलली तरी स्वभाव बदलत नाही. तो वाढतच राहतो. त्यामुळे नवी भुवई मिळालेल्या रुग्णाला ती आयुष्यभर कात्रीने कापावी लागते.

जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्येच केसाळ त्वचेचे बारीक गोल तुकडे रोवण्याची पद्धत मांडली होती. अमेरिकेत नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये टकलावरील अशा रोपणाचे अनुभव प्रसिद्ध केले, पण त्या जाड तुकड्यांमुळे डोके बाहुलीच्या केसांसारखे दिसे. एकेका केसाचे रोप घेऊन, मुद्दाम अनियमित ओळीत, नैसर्गिक कोनात ते लावण्याची आजची पद्धत पुष्कळ नंतर रुळली. अंतिया यांच्या रुग्णांना हौसेची केशरचना नको होती. त्या कामाला सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणणे अन्यायाचेच होईल.

पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरी विभाग उभारला. बसलेल्या नाकांसाठी त्यांनी गिलीज यांची आतून कातडी लावण्याची पद्धत वापरली. कानाची तुटलेली कड दुरुस्त करण्याची १९६७ मधील अंतिया-बुच पद्धत आजही जगभर शिकविली जाते. तथापि शस्त्रक्रियागृहात येणारा प्रत्येक चेहरा हा उशिरा झालेल्या निदानाचा पुरावा आहे, हे त्यांना अस्वस्थ करीत होते. सत्तरच्या दशकात त्यांनी आरोग्य संशोधनाच्या संस्था स्थापन केल्या आणि अलिबागजवळच्या मांडवा परिसरात गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेवेचे प्रशिक्षण दिले. स्थानिक हितसंबंधांच्या विरोधामुळे तो प्रकल्प गुंडाळावा लागला. पुढे पुरंदर तालुक्यातील परिंचे येथे त्यांनी तीच वाट पुन्हा धरली.

१९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००५ च्या अखेरीस कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचे देशाने जाहीर केले. तरीही नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत नवे रुग्ण सापडत राहिले. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आज बहुविध औषधोपचार मोफत पोहोचतो. तो वेळेत मिळाला तर भुवया शाबूत राहतात. चट्टा दिसताच ओळखणारे कोणी पाड्यावरच असावे, हाच अंतिया यांचा आग्रह होता. २००७ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र त्यानंतर प्रसिद्ध झाले.